चिठ्ठीवरचा पत्ता

घड्याळजीला पूर्वजांचं वेड वगैरे नव्हतं हो. पणजोबांचं नाव विचारलं तर तो डोकं खाजवायचा. पण अंथरुणाला खिळलेल्या आईनं एकच धोशा लावला होता.

"तुझ्या आधीचा माझा थोरला... दवाखान्यात माझ्या हातात दिलाच नाही त्यांनी. 'गेला' म्हणाले. खरंच गेला का रे? एवढं कळलं की मी डोळे मिटायला मोकळी."

आता आईचा शब्द मोडायचा कसा? वंशावळ शोधायचं एक मार्गदर्शक पुस्तक आणून, दुकान बंद ठेवून, तो नोंदणी कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लागला. पुस्तकात एक युक्ती होती. प्रत्येक वहीच्या शेवटी वाचणाऱ्यांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिथे आपलं नातं आणि पूर्ण पत्ता लिहावा, म्हणजे त्याच माणसाला शोधणारा दुसरा नातलग आपल्याला गाठू शकतो. घड्याळजी पडला काटेकोर. गेल्या आठवड्यात जन्माच्या वहीत त्यानं लिहून ठेवलं, 'धाकटा भाऊ. तिसरा मजला, डावं दार. घंटी बंद आहे, कडी वाजवावी.'

आज दुपारी मृत्यूची वही हाती आली.

"काय, आता कुठली मढी उकरताय?" कारकूनबाई हसल्या आणि आपल्या कामाला लागल्या. खोलीत कुबट वास होता, पंखा कुरकुरत होता.

नोंद सापडली. मुलगा. वय चार दिवस. आईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मन घट्ट करून त्यानं शेवटची चिठ्ठी उलगडली.

दर वर्षाची एक अशा त्रेपन्न ओळी. पहिल्या दोन-तीन म्हणजे नुसत्या रेघोट्या. मग गिरवलेली वाकडी अक्षरं, मग शाळकरी, मग जाणत्या माणसाचं वळण. नात्याच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, 'स्वतः'. पत्त्याचा रकाना कोरा.

शेवटची ओळ आजची होती. तिच्यापुढे मात्र पत्ता होता. 'तिसरा मजला, डावं दार. घंटी बंद आहे, कडी वाजवावी.'

"बाई... सकाळी कोण आलं होतं?"

"कमाल करता! तुम्हीच की. या वर्षीची मृत्यूची वही मागत होतात. ती अजून चालू आहे म्हटलं, तर म्हणालात, 'हो ना, आज एक नाव चढायचंय...'"

आई! वही तशीच टाकून तो धावत सुटला. तीन जिने चढेपर्यंत छातीत कळ यायला लागली. दाराला त्यानं लावलेलं कुलूप जसंच्या तसं होतं.

आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले.

"आई, बरी आहेस ना?" तिचा हात धरून तो खाटेशेजारच्या खुर्चीत कोसळला. अकरा वर्षं याच खुर्चीत बसून तो तिला भरवत आला होता.

"मला काय धाड भरलीय?" ती हसली. "अरे, थोरला येऊन गेला! म्हणाला, धाकट्यानं खूप केलं तुझं, आता माझी पाळी."

"कुठं... कुठं आहे तो?"

"तू आलास की येतो म्हणाला."

बाहेर कडी वाजली. सावकाश, तीनदा.

आईनं त्याच्या हातातला आपला हात सोडवून घेतला.

"आला बघ. ऊठ बाळा, त्याला खुर्ची दे."