चव्वेचाळीस रात्रींचं तापमान

विषय : सौदी अरेबियात यान्बूच्या उत्तरेकडील एका समुद्र-संशोधन केंद्रात रात्री घेतलेल्या पाण्याच्या तापमानाबाबत.
संदर्भ : बुधवार, दि. २८ डिसेंबर २००५ ची रात्र, एक ते अडीच.

"काका, ही भुताची गोष्ट आहे की सर्क्युलर?" शर्विलने विचारलं.

शर्विल माझा पुतण्या. रियाधला एका बँकेत आकडे सांभाळतो, आणि त्याची बायको स्वानंदीही तेच करते. मी त्यांच्याकडे राहायला आलो होतो. इथली गुरुवारची साप्ताहिक सुट्टी होती, जेवणं झाली होती, गच्चीवर अंधार होता. आकड्यांवर श्रद्धा असलेल्या माणसांना सांगण्यासारखी माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे, म्हणून त्यांना सांगितली. घडली विनयच्या बाबतीत. मी त्या केंद्रात कारकून होतो, तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. सांगितली ती अशी.

*

आमच्या केंद्राचे प्रमुख डॉक्टरसाहेब. समुद्रावरचे मोठे तज्ज्ञ. त्यांना बोट लागायची, म्हणून ते खिडकीकडे पाठ करून बसत. त्यांचं संशोधन असं : रात्री समुद्रातले बारीक जीव वर येतात, त्यांच्या मागे मासळी येते, तेव्हा रोज रात्री दोन वाजता पाण्याचं तापमान घ्यायचं. पृष्ठभागावर, मग दहा, वीस आणि पन्नास मीटरवर. सलग एक वर्ष. एकही रात्र चुकली तर शोधनिबंध बाद.

दोन वाजता डॉक्टरसाहेब झोपलेले असत. विनय वाणिज्य शाखेचा पदवीधर, आकडे संगणकात भरायला ठेवलेला, तोही झोपलेला असे. समुद्रावर जायचा मोहियुद्दीन. दाभोळ खाडीकडचा खलाशी, शिक्षण सातवी. छोट्या होडीत एकटा जायचा, दोरीला बांधलेला थर्मामीटर सोडायचा, कंदिलाच्या उजेडात नोंदवहीत आकडे लिहायचा. लिहायचा शिसपेन्सिलीने. मी एकदा त्याला बॉलपेन देऊ केलं, तर म्हणाला, "साहेब, खारं पाणी लागलं की शाई पळते. शिसं पळत नाय. दर्यावर पेन घेऊन जातो तो शाळामास्तर."

चौदा नोव्हेंबरच्या रात्री तो गेला. सकाळी होडी आली. रिकामी. आत फक्त नोंदवही, त्या रात्रीच्या आकड्यांपर्यंत भरलेली.

"रिपोर्ट केला नाही?" स्वानंदीने विचारलं.

करायचा तर होडीचा परवाना दाखवावा लागला असता, आणि तो दोन वर्षांपूर्वी संपला होता. डॉक्टरसाहेबांनी दार लावून घेतलं आणि विनयला सांगितलं, "माणूस येईल. नाहीतर दुसरा येईल. पण मालिका तुटता कामा नये." विनयला समजलं. गेल्या वर्षीचे काही तुटक आकडे होते, त्यांत एखादा दशांश इकडे, एखादा तिकडे. खाली मोहियुद्दीनची सही. विनय रोज सकाळी चहा घेता घेता रात्रीचा समुद्र मोजायला लागला. बॉलपेनने.

"याला आमच्याकडे एक्स्ट्रापोलेशन म्हणतात," शर्विल हसला.

तुमच्याकडे त्याला बढतीही मिळत असेल.

डिसेंबरात हलिमाचा अर्ज आला. हलिमा म्हणजे मोहियुद्दीनची बायको. गावाहून फॅक्सवर, मराठीत, शाळकरी अक्षरात. 'माझा नवरा हयात आहे की नाही ते लेखी कळवावे. इकडे कुणी सांगतात होडी रिकामी आली. गेला असेल तर मला विधवेच्या इद्दतीला बसायचं आहे, चार महिने दहा दिवस. तारीख कळल्याशिवाय कुठून मोजू? जमातीचे लोक कागद मागतात.'

कोणाचं काही जाणार नव्हतं आणि ती पैसेही मागत नव्हती. एक तारीख, बस्स.

मी अर्जाला आवक क्रमांक घातला. डॉक्टरसाहेबांनी उत्तर सांगितलं, मी टंकलं : 'नोंदवहीनुसार संबंधित कर्मचारी दररोज कामावर हजर आहे.' हो, मीच टंकलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

चार दिवसांनी तिचा ऑफिसात फोन आला आणि नेमका विनयने उचलला. ती म्हणाली, "भाऊ, ते हजर असतील तर एकदा फोनवर द्या ना." विनयने फोन ठेवला. दुपारी जेवला नाही. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. "कपाटाची किल्ली द्या. माझ्या त्रेचाळीस नोंदी तांबड्या शाईने खोडतो, शेजारी माझी सही करतो. सकाळी वही थेट जेद्दाला, केंद्र चालवणाऱ्या कंपनीकडे. नोकरी गेली तर गेली."

त्या कपाटाची किल्ली एकच होती आणि ती माझ्या करगोट्याला असायची. मी दिली. शौर्य म्हणाल तर माझं एवढंच.

आता विनयने सांगितलं तसं सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून सुट्टी, केंद्रात कोणी नव्हतं. चंद्र नव्हता. एक वाजून गेल्यावर तो धक्क्यावरच्या खोलीत पोचला. दिवा लावला, कपाट उघडलं, वही काढली, तांबड्या पेनाचं टोपण काढलं. काम दहा मिनिटांचं होतं.

पंधरा नोव्हेंबरचं पान उघडलं. त्याचा बॉलपेनचा आकडा खोडलेला होता.

शेजारी दुसरा आकडा. शिसपेन्सिलीने.

त्याने पान उलटलं. खोडलेला. पुढचं. खोडलेला. मास्तर वही तपासतो तसं, एकेक चूक नीट आडवी कापून, वर बरोबर उत्तर. सव्वीसच्या जागी सत्तावीस पूर्णांक दोन. कुठे राग नाही, घाई नाही. अक्षर मोहियुद्दीनचं.

"कोणीतरी आत जाऊन…" शर्विल म्हणाला.

किल्ली माझ्याकडे होती.

आणि पन्नासच्या खाली आणखी एक रकाना. छापलेला नाही, हाताने आखलेला. पंधरा तारखेला साठ मीटर. अठराला नव्वद. महिनाअखेर दीडशे. मग दोनशे तीस. तीनशे.

दोरी पन्नास मीटरची होती.

दोनशेच्या खाली तापमान हलत नव्हतं. एकवीस पूर्णांक सात. एकवीस पूर्णांक सात. विनयला वाटलं, हे तरी चुकलं. खोल समुद्र गार असतो, एवढं शाळेत शिकलो होतो.

सत्तावीस डिसेंबर. चारशे मीटर.

अठ्ठावीसची ओळ कोरी होती.

त्याने घड्याळ पाहिलं. दोनला एक मिनिट.

बाहेर धक्क्याला होडी बांधलेली होती, तिच्यावर दोरी सोडायची लोखंडी कप्पी होती. ती कुरकुरली. मग फिरायला लागली.

विनयने मनात मोजलं. पन्नास मीटर दोरी सुटायला मिनिट पुरतं.

मिनिट झालं.

कप्पी फिरत होती.

दोन मिनिटं.

फिरत होती. सावकाश. सराईत हाताने सोडल्यासारखी.

पाच…

दिवा जळत होता. वारा नव्हता. दाराकडे बघायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं.

आठ…

थांबली.

"मग?" स्वानंदीने विचारलं.

मग धक्क्यावरून, रोजचा माणूस रोजचं काम सांगतो तशा आवाजात,

"विनयभाय… लिवा."

…

विनयच्या हातात तांबडं पेन होतं. हात आपोआप कोऱ्या ओळीवर गेला.

"पेन नको."

…

टेबलाच्या खणात शिसपेन्सिलीचा तुकडा होता. त्याने घेतला.

"चारशे दहा."

त्याने लिहिलं.

"एकवीस… सात."

लिहिलं.

मग काही नाही. बराच वेळ काही नाही. मग कप्पी उलटी फिरायला लागली, आणि विनय उठला आणि पळाला. वही उघडी, दिवा चालू, गाडी तिथेच. पाच किलोमीटर पायी. अडीचला निघालेला, पहाटे माझ्या दारात उभा होता. कोरडा ठणठणीत, पण दात वाजत होते.

*

शनिवारी त्याने डॉक्टरसाहेबांना सगळं खरं सांगितलं. खोट्या नोंदी, रिकामी होडी, कप्पी. डॉक्टरसाहेबांनी वही चाळली. मला वाटलं, आता काहीतरी होईल.

"चारशे दहा मीटर?" ते म्हणाले. "आपल्या दोरीवर? उत्तम!"

तांबड्या समुद्राचं खोल पाणी इतर समुद्रांसारखं गार नसतं, ते बावीसच्या जवळपासच थांबतं, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. मोहियुद्दीनला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मार्चमध्ये एक परदेशी जहाज आलं, त्याने मोहियुद्दीन जायचा त्याच जागी चारशे दहावर यंत्र सोडलं. एकवीस पूर्णांक सात. निबंध छापला गेला. शेवटी आभार : खलाशी मोहियुद्दीन यांच्या अखंड सेवेबद्दल. अखंड! विनय तोवर फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा परवाना, घेऊन घरी गेला होता.

"आणि हलिमा?" स्वानंदीने विचारलं.

त्या शनिवारी वही कपाटात परत ठेवायला माझ्याकडे आली. मी कारकून, प्रत्येक रकाना बघतो. चौदा नोव्हेंबरचं पान कोणी उघडलंच नव्हतं. सगळे पंधरापासून बघत होते. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्या वर्षात त्यात कधीच काही लिहिलेलं नव्हतं. तिथे शिसपेन्सिलीने होतं :

'होडी कलंडली. बुडालो. वेळ २-१०.'

मी पान डॉक्टरसाहेबांपुढे धरलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला. म्हणाले, "शेऱ्याचा रकाना आपण छापत नाही."

मी नोकरीत पहिल्यांदा न विचारता एक काम केलं. पानाची प्रत काढली, हलिमाच्या अर्जाला जोडली आणि जेद्दाला पाठवली. तिला फोन केला. ओळ वाचून दाखवली.



"भाऊ," ती म्हणाली, "परत वाचा."

परत वाचली.

"तारीख चौदाच ना?"

"चौदाच."

"आता कागद तेवढा पाठवा. जमातीला दाखवायला."

दोन महिन्यांनी जेद्दाहून उत्तर आलं. नोंद करणारी व्यक्ती व मृत व्यक्ती एकच असल्याने नोंद ग्राह्य धरता येत नाही. त्या वेळी हजर असलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या जोडाव्यात.

हे २००६ सालचं. मी पुढच्या वर्षी निवृत्त झालो. गेल्या महिन्यात इथूनच फोन करून चौकशी केली. अर्ज प्रलंबित आहे.