टेपचं दुसरं टोक

उद्या ठकीला कुठे ठेवायचं, या काळजीनं माझा रात्रभर डोळा लागला नव्हता. नवरा दूरच्या नोकरीवर, शेजारच्या काकू लेकीकडे गेलेल्या, आणि मोजायची टेप धरणारा मदतनीस तापानं फणफणलेला. शेवटी पाच वर्षांच्या पोरीला घेऊनच जंगलात निघाले. चांगल्या आया असं करत नसाव्यात.

आमचं काम असं, की सगळं जंगल काही मोजता येत नाही. म्हणून नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठिपके पाडतात. ठिपका पडेल तिथे जायचं आणि भोवतीच्या गोलातली झाडं मोजायची. मधल्या न पाहिलेल्या जागांचा अंदाज संगणक शेजारच्या ठिपक्यांवरून बांधतो; आमच्या इमारतीतल्या बायका माझ्या संसाराचा बांधतात तसाच. गैरसोयीचा म्हणून ठिपका सरकवायचा नाही, हा पहिला नियम. आजचा हा ठिपका मात्र आधीच्या दोन्ही पथकांनी सरकवला होता. का, ते कुणी सांगेना.

भर दुपारी आत अंधारून आलं होतं. कुजक्या पाल्याचा ओला वास, आणि पाखराचाही आवाज नाही. जमीन इतकी खडकाळ, की गोलाच्या मधोमध टेप अडकवायची खुंटी रुतेना. मग ठकीलाच तिथे उभं केलं, टेपच्या टोकाची कडी तिच्या मुठीत दिली.

"मी झुडपांमागे दिसले नाही तरी घाबरायचं नाही. मी टेप ओढली की तूही हळूच ओढ. म्हणजे मला कळेल, तू आहेस."

झाड गोलात बसतं का ते टेप ताणून बघायचं, मग हलकेच ओढायचं. पलीकडून लगेच हिसका यायचा. दर वेळी. पोरगी किती शहाणी झाली, म्हणत मी स्वतःचंही थोडं कौतुक करून घेतलं. शेवटच्या झाडापाशी तर मी ओढायच्या आधीच हिसका आला. मग पुन्हा...

पुरे आता, म्हणून मी ठकीला हाक मारली.

"काय गं आई?"

आवाज माझ्या पाठीमागून आला. माझ्या शर्टाचं टोक धरून ती उभी होती. कंटाळा आला म्हणून मघाशीच आले, म्हणाली.

टेप समोरच्या झुडपांत शिरली होती. ताठ. काट्यात अडकली असेल, असं शिकलेल्या माणसाला लगेच सुचतं. काटे हिसका देत नाहीत, हेही सुचलं.

"मग कडी... कुणी धरलीय?"

मी तिला कडेवर उचललं. पळायचं, एवढंच डोक्यात. टेप टाकायला बोटं सैल केली, तशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि झुडपांकडे बघत कुजबुजली,

"सोडू नकोस ना आई... ती तिथे एकटीच असते."