दोन दिव्यांच्या पुढ्यात

पाथर्डीत एस.टी. स्टँडच्या मागं माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे भुईमुगाच्या शेंगांचं जुनं गोदाम. चाळीस फूट लांब, बारा फूट उंच, वर पत्रा आणि एका टोकाला चुना दिलेली सपाट भिंत. त्या भिंतीसाठीच मी ती जागा घेतली होती. गाडीचे दिवे जागेवर आणायचे तर अशी भिंत लागते. वीस फुटांवर गाडी उभी करायची, दिवे लावायचे, उजेडाचे दोन गोल कुठं पडतात ते खडूनं आखायचं आणि स्क्रू फिरवून ते बरोबर करायचे. नगरला मिलिटरीच्या वर्कशॉपात मी अकरा वर्षं हेच काम केलं होतं. दिवा लागत नसेल तर तार तुटलेली असते, नाही तर अर्थिंग मिळत नसतं. तिसरं कारण मला तोवर भेटलं नव्हतं.

१९७३चा मार्च होता, दुष्काळाचं साल. स्टँडवर खडी फोडायला जाणाऱ्या माणसांची गर्दी असायची. त्या गर्दीतून एक जुनी जीप हॉर्न वाजवत आली आणि सगळे आ वासून बघायला लागले, कारण स्टिअरिंगवर बाई होती. पन्नाशीची, नऊवारीचा काष्टा घातलेली, पायात पुरुषी वहाणा. शेजारी पंचविशीचा मुलगा मान खाली घालून बसला होता. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"हसून झालं आसंल तर वाट सोडा," बाई म्हणाल्या आणि गाडी थेट माझ्या दारात आणून लावली.

त्या गोजरबाई. डोंगराच्या पायथ्याला, पाथर्डीपासून दहा मैल आत त्यांची वाडी. नवरा भिमाजी यांनी पंधरा वर्षांपूर्वी ही जीप मिलिटरीच्या लिलावात घेतली होती. स्टिअरिंग डाव्या अंगाला असलेली जुनी विलीज. भिमाजी चार वर्षांपूर्वी विषमज्वरानं घरीच गेले. आजारी माणूस, बाळंतीण, नवरी, बाजाराची पोती, सगळं याच गाडीतून जायचं. संध्याकाळी पाचनंतर वाडीला एस.टी. नव्हती.

"लायटी बघा मिस्तरी," गोजरबाई म्हणाल्या. "उजेड धड पडंना."

"दिवे विझतात का?"

"इझत न्हाईत." त्यांनी मुलाकडं बघितलं. "सांग की रं, गहिनीनाथ."

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "उजेडाला भोक हाय."

बाकीचं गोजरबाईंनीच सांगितलं. गेल्या साली सून पुष्पावती पहिलटकरीण होती. कळा सुरू झाल्यावर गहिनीनाथ तिला घेऊन नगरला निघाला. करंजीच्या घाटात त्यानं गाडी थांबवली आणि दिवस उगवेपर्यंत पुढं नेली नाही. पोर गाडीतच गेलं.

"समोर मानूस हुता," गहिनीनाथ एकदम म्हणाला. "मानसावर गाडी कशी घालू?"

"आता पुना नववा लागलाय," गोजरबाई म्हणाल्या. "दीर म्हनत्यात, गाडी इका. भावकी म्हनती, लिंबू उतरवा, कोंबडं कापा. मी म्हनलं, गाडीला झालंय ते गाडीच्या मानसाला दाखवू. तुमी बघा आन् काय ते नीट करा. मी गाडी इकनार न्हाई."

मला ती बाई आवडली. मी म्हणालो, "दोन दिवसांत देतो, आक्का."

दोष सापडायला तासही लागला नाही. डाव्या दिव्याची अर्थिंगची तार गंजून भुगा झाली होती. उजेड वर-खाली करायच्या डिपरच्या, पायानं दाबायच्या स्विचात माती बसली होती. होल्डर ढिला होता. तिन्ही गोष्टी दुरुस्त केल्या, नवे बल्ब घातले. इतके दोष असलेल्या दिव्यात कोणाला काहीही दिसेल, असं मी मनाशी म्हणालो आणि गहिनीनाथची थोडी कीवही आली.

दुपारी दाराला गोणपाटं लावून अंधार केला आणि दिवे लावले.

भिंतीवर दोन लख्ख गोल पडले. त्यांच्या मधोमध एक माणूस उभा होता. म्हणजे सावली होती. दोन दिवे, म्हणून सावल्याही दोन, एकमेकींवर थोड्या चढलेल्या. खांदे, मान, बाजूला सोडलेले हात. मी मागं वळून बघितलं, पुढं बघितलं. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये रिकामी जमीन होती.

काचेवर डाग असेल म्हणून काच पुसली. मग काच बदलली. रिफ्लेक्टर बदलला. डावा दिवा उजवीकडं लावला, उजवा डावीकडं. सावली जागची हलली नाही. शेवटी दोन्ही दिवे काढून टेबलावर ठेवले आणि सुट्या बॅटरीवर लावले. उजेड स्वच्छ, धुतल्यासारखा. तेच दिवे परत जीपला लावले की भिंतीवर माणूस.

म्हणजे दोष दिव्यांत नव्हता. खरं सांगतो, मला भीतीपेक्षा राग जास्त आला. माझ्या गॅरेजात, माझ्या भिंतीवर, मला न कळणारी गोष्ट उभी राहते म्हणजे काय?

मी सुतळीचा गुंडा घेतला. एक दिवा पोत्यानं झाकला, दुसऱ्याची सावली खडूनं आखली, त्या दिव्यापासून त्या सावलीच्या मधापर्यंत सुतळी ताणून बांधली. मग दुसऱ्या दिव्याचं तसंच. सावली पाडणारी वस्तू दोन्ही सुतळ्यांवर असलीच पाहिजे. म्हणजे सुतळ्या जिथं एकमेकींना छेदतील तिथं ती उभी आहे. हा साधा हिशेब आहे, यात देवधर्म नाही.

सुतळ्या गाडीपासून बारा फुटांवर छेदल्या. तिथं जमिनीवर मी फुली मारली.

दुसऱ्या दिवशी तोच हिशेब पुन्हा केला तेव्हा फुली नऊ फुटांवर आली. भिंतीवरची सावली मोठी झाली होती. दिव्याच्या जवळ येणाऱ्या वस्तूची सावली मोठी होते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

तिसऱ्या दिवशी गोजरबाई गाडी न्यायला आल्या. मी काही लपवलं नाही. गोणपाटं सोडली आणि दिवे लावले. फुली सहा फुटांवर आली होती. सावलीचं मुंडकं आता भिंतीवर मावत नव्हतं, ते वर पत्र्यावर वाकलं होतं.

गोजरबाईंनी सावली जमिनीपासून पत्र्यापर्यंत नीट न्याहाळली.

"भिमाजीराव तर नव्हेत?" मी विचारलं.

"छ्या. आमचं मानूस डाव्या खांद्यात वाकलेलं हुतं." त्या दोन पावलं पुढं गेल्या. "ह्यो कोन म्हनून आमच्या म्होरं आडवा हुबा?"

"आक्का, तुम्ही इथंच थांबा. मी त्या जागेवर उभा राहतो. तुम्ही भिंत बघा."

मी गेलो आणि दोन सुतळ्या छेदत होत्या त्या फुलीवर, भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. तिथं गार लागलं नाही, वारा नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. डोक्यावर माझी नेहमीची टोपी होती. मी उजवा हात वर केला.

भिंतीवरच्या माणसानं हात वर केला नाही. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"मिस्तरी," गोजरबाई मागून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची सावली कुटं हाय?"

मी बाजूला झालो. बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं. मग म्हणालो, "आक्का, दिवे ठीक आहेत. तारा ठीक आहेत. बाकीचं मला दुरुस्त करता येत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो होतो.

"मंग ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लायटी लागत्यात न्हवं?"

बोलणं तिथंच तुटलं, कारण तेवढ्यात गहिनीनाथ बैलगाडीतून पुष्पावतीला घेऊन आला. गोजरबाई वाडीहून निघाल्यामागं कळा सुरू झाल्या होत्या. वाटेत पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पोटाला हात लावला आणि सांगितलं, मूल आडवं आहे, इथं होणार नाही, नगरला न्या. स्टँडवर चौकशी केली तर शेवटची एस.टी. गेलेली. दिवस मावळतीला आला होता. घाटात पोचेपर्यंत अंधार पडणार होता.

गहिनीनाथ जीपजवळ गेला, पण त्याचा हात स्टिअरिंगवर जाईना.

"मागं बस," गोजरबाई म्हणाल्या. "तिचं डोस्कं मांडीवर घे."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी भुवई उंचावली.

"दिवे मी बसवलेत," मी म्हणालो. "ते नगरपर्यंत लागले पाहिजेत."

तिसगाव मागं पडलं तेव्हा तिन्हीसांज झाली होती. त्यांनी दिवे लावले. डांबरावर उजेड पसरला आणि त्या उजेडाच्या मधून एक काळा पट्टा लांबवर गेला. गाडीच्या अगदी पुढ्यातून, बंपरपासून हातभर अंतरावरून तो सुरू होत होता. गाडी धावत होती आणि पट्टा तेवढ्याच अंतरावर पुढं पुढं सरकत होता. रस्त्याचा मधला भाग दिसतच नव्हता. गोजरबाई मान बाहेर काढून कडेच्या दगडांवरून अंदाज घेत होत्या.

मागं पुष्पावती दात आवळून कण्हत होती.

घाट लागला.

पहिल्या वळणावर समोर दरडीचा कडा आला आणि पट्टा रस्त्यावरून उठून कड्यावर उभा राहिला. कडा संपेपर्यंत तो माणूसच होता. वळण कुठं आहे ते दिसेना. डाव्या हाताला दरी होती.

"आई, थांबव!" गहिनीनाथ ओरडला. "आई, त्यो म्होरं हाय!"

गोजरबाईंचा पाय ब्रेकवर गेला. गाडी मंदावली. मागं पुष्पावतीनं एक लांब, दबलेली किंकाळी फोडली.

गोजरबाईंनी पाय ब्रेकवरून काढला.

"आयक रं!" त्या समोर बघून खणखणीत आवाजात बोलल्या, बांधावरच्या माणसाशी भांडावं तशा. "येक पोर घेतलंस तेवढं बास. बाजूला हो, न्हाईतर आत बस. मला थांबायला येळ न्हाई."

आणि त्यांनी गाडी त्या काळोखात घातली.

मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते असं अजून वाटतं; मग काही तरी झालं असावं असं म्हणता तरी आलं असतं. पण त्या क्षणी काहीच झालं नाही. ना धक्का, ना आवाज. फक्त मागच्या फळीची साखळी एकदा वाजली आणि गाडी किंचित डावीकडं कलली.

उजेड लख्ख झाला. वळण दिसलं, पांढरे दगड दिसले, पलीकडं दरीतली बाभळ दिसली. गोजरबाईंनी स्टिअरिंग फिरवलं.

"लाईट आली," गहिनीनाथ पुटपुटला.

मी मागं बघितलं. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पुष्पावती पडली होती, डोळे घट्ट मिटलेले. त्या अवस्थेत तिनं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले होते. कोणाला तरी जागा करून द्यावी तसे.

नगरच्या दवाखान्यात पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. गोजरबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "आता भावकीला म्हनावं, कापा कोंबडं. पन रस्सा मला पायजे." आणि पहिल्यांदाच हसल्या.

आठ दिवसांनी त्यांनी जीप परत माझ्याकडं आणली. दिवे लावून बघितले, भिंतीवर दोन गोल, स्वच्छ. सुतळ्या मी टाकून दिल्या. पण गाडी पटांगणात उभी असताना मला काही तरी खटकलं. टेप लावून मोजलं. मागचा डावा कोपरा उजव्यापेक्षा दीड इंच खाली होता. स्प्रिंगची कमान बसली असेल म्हणून तिचे पाटे बदलले. पुन्हा मोजलं. दीड इंच. उजवी कमान डावीकडं घातली. दीड इंच. रिकामी गाडी होती.

मी गोजरबाईंना सांगितलं. त्यांनी कोपऱ्याकडं बघितलं, पदर खोचला.

"बसलाय तर बसू दे," त्या म्हणाल्या. "गाडी वढती न्हवं?"

त्या साली दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, तेव्हा त्यांची जीप स्टँडवर दिसली. माणसं कोंबून भरलेली, दोघं बाहेर लोंबकळत होते, पोरं आयांच्या मांडीवर, वर भांड्यांची गाठोडी. मागच्या डाव्या कोपऱ्यात मात्र एका माणसाची जागा मोकळी होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी तिथं बसलंही नव्हतं.

गाडी सुटताना एक म्हातारी धावत आली. बीडकडची, या मुलखात नवखी. तिला कोणी हात देऊन वर घेतलं. ती त्या कोपऱ्यापाशी गेली, कमरेवर हात ठेवून जरा वाकली आणि रिकाम्या जागेला म्हणाली, "सरा की वं बाप्पा थोडं."

ती क्षणभर थांबली. मग तोंडभर हसून मान हलवली आणि झालेल्या जागेत अंग चोरून बसली.