अर्ध्या तासाची घाई

त्या काळी विमाने यंत्रमानव चालवीत आणि वेग प्रवासी मतदानाने ठरवीत. विज्ञान बरेच पुढे गेले होते. माणसे जागच्या जागी होती.

संध्याकाळच्या एका छोट्या विमानात यंत्रवैमानिक मारुत म्हणाला, "कोणी माननीय येत असल्याने विमानतळ बंद आहे. आपल्याला अर्धा तास उशिरा उतरायचे आहे. इंधन कमी पडल्यास दुसऱ्या शहरी जावे लागेल. वेग निवडा."

आजोबांसोबत निघालेल्या शाल्मलीने घड्याळ पाहिले. आज बाबांना शस्त्रक्रियेसाठी आत नेणार होते. त्याआधी तिला त्यांना भेटायचे होते.

"वेगात चला. आधी पोहोचू, मग घिरट्या घालू," पुढच्या आसनावरचे झाडबुके म्हणाले. बटणे भराभर दाबली गेली.

"आजोबा, लवकर पोहोचणंच बरं ना?" शाल्मलीने विचारले.

आजोबा वायुगतिशास्त्रज्ञ (वाहत्या हवेचे नियम अभ्यासणारे) होते. "उतरायची वेळ ठरलेली आहे. लवकर पोहोचून करणार काय?"

"घिरट्या."

"त्याही खाली, दाट हवेत. तिथे जेट इंजिन तासाला जास्त इंधन पितं. शिवाय वळताना विमान कलतं, पंखांवरचा भार वाढतो आणि कर्षणही (हवेचा मागे खेचणारा विरोध) वाढतं."

"म्हणजे तो अर्धा तास इथेच, उंचावर, विरळ हवेत हळू जाऊन घालवायचा?"

"हं."

"मग अगदीच हळू जाऊ."

"अगदीच हळू गेलो, तर वजन पेलायला नाक वर करावं लागतं. कर्षण पुन्हा वाढतं. मधला एक वेग असतो, त्याला तासाचं इंधन सर्वांत कमी. मारुतला तो ठाऊक आहे. पण त्याला मत नाही."

शाल्मली उठून पुढे गेली. "काका, घाई केली तरी विमानतळ अर्धा तास उशिराच उघडणार. इंधन मात्र संपेल. माझे बाबा तिथे दवाखान्यात आहेत."

"आजोबांनी पढवलं वाटतं?"

"त्यांनी सांगितलं. मला पटलं."

झाडबुक्यांनी मत बदलले. "बरं बाई. तसंही मला न्यायला कोणी येणार नाही." मागून एकेक बटण दाबले गेले. मारुतने वेग उतरवला.

माननीयांचे हारतुरे लांबले. खाली घिरट्या घालणारी दोन विमाने इंधनाअभावी दुसऱ्या शहराकडे वळली. वाचलेल्या इंधनावर शाल्मलीचे विमान विमानतळ उघडेपर्यंत हवेत राहू शकले, आणि उतरले.

दवाखान्यातून फोनवर मामा म्हणाला, "अजून आत नेलेलं नाही. निघा लगेच."

"आजोबा, त्या विमानांतल्या लोकांचीही कोणी वाट पाहत असेल. सगळ्यांना दुरूनच उतरायची खरी वेळ कळली, तर सगळेच वर हळू होतील. मी तसं यंत्र करीन."

"कर. ते सोपं आहे," आजोबा म्हणाले. "मग माननीयांना वेळेवर आणणारं एक कर. ते अवघड जाईल."

ऐकायला ती तिथे नव्हती. ती रिक्षाकडे धावत सुटली होती.