सावत्र हातचा घास

“तूच खाल्लंस त्याला... खाऊ घालून खाल्लंस!”

मावशींचा आवाज असा कडाडला, की आईच्या मांडीवरची सात महिन्यांची नात दचकून रडू लागली. आतल्या खोलीत आईचा लेक पडून होता. चाळिशीही न गाठलेला, कालच इस्पितळातून आणलेला, हृदयाचा मोठा भाग कायमचा गमावून बसलेला! मावशी म्हणजे त्याच्या जन्मदात्रीची थोरली बहीण. आणि आई... आई ही सावत्र.

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? जन्मला तेव्हा मूठभर होता, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत भराभर फुगला. लहानपणच्या तसल्या वाढीचा भार मोठेपणी हृदयावर येतो म्हणे, रक्तात साखर वाढते. कुणी फुगवला त्याला? मी?”

“ताई, तेव्हा कुणाला ठाऊक होतं हो...”

“सख्खी असतीस तर कळलं असतं!”

सून पुढे झाली. तिचीही लेक कमी वजनाची जन्मलेली. तिनं बाळ उचललं, खिमटाची वाटी उचलली आणि खाली बघतच म्हणाली, “राहू द्या आई. मी भरवते.”

मावशींच्या शिव्यांनी जे झालं नव्हतं, ते या हळू बोलण्यानं झालं. आईचं काळीज फाटलं!

ती या घरात लग्न होऊन आली, तेव्हा पाळण्यात हे आई गेलेलं पोर होतं, कापसाच्या बोळ्याएवढं. सगळे त्याला पिटू म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात लाँड्रीतून इस्त्रीचं गाठोडं काखेला मारून ती जिना चढत होती, आणि वरच्या मजल्यावरच्या बायका बोलत होत्या, “सावत्र आली गं. आता पोराच्या तोंडी दूध पडतंय की पाणी, देवालाच माहीत!” गाठोड्यासकट ती तिथंच उभी राहिली होती... आणि त्या दिवसापासून ती पिटूला घरात भरवेनाशी झाली. दार उघडं टाकून, जिन्याच्या पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत भरवायची. दुधात साखर, साखरेवर लोणी. त्यानं तोंड फिरवलं, तरी एक घास. ओठ मिटले, तरी एक घास. पेंगू लागला, तरी गाल थोपटून एक घास! आणि ओठांवर आपणच जुळवलेल्या ओळी...

*इवलंसं माझं बाळ, वारा लागता कापतं,*
*घास घेता माझ्या हाती, अंग धरू गं लागतं.*

पिटूनं अंग धरलं. असं धरलं, की त्याच बायका गालगुच्चे घेत हसायच्या, “काय गं, पोराला पंपानं हवा भरतेस की काय?” ती थट्टा तिला सोन्याच्या हारासारखी वाटायची! त्याच्या वाट्याची माया वाटली जाऊ नये म्हणून आपली कूस तिनं रिकामी ठेवली. नवरा गेल्यावर त्याच लाँड्रीत इस्त्रीच्या वाफेत उभी राहून पोराला मोठं केलं, सुतारकामात तरबेज केलं... आणि आज त्या साऱ्याचं हे फळ!

तिनं चार कपडे पिशवीत कोंबले आणि जाण्याआधी लेकाचं तोंड बघावं म्हणून आतल्या दारात उभी राहिली.

“कुठं निघालीस?” तो जागाच होता. सगळं ऐकत होता.

“लाँड्रीच्या मागं खोली आहे. मालक देतील. माझे हात वाईट आहेत रे... तुझ्या लेकीला तरी नकोत!”

“मला या गादीवरून हलवायला चार माणसं लागतात, आणि तू पळून चाललीस? कोण अडवणार तुला? बस इथं.” तो हसायला गेला आणि धापू लागला. थोड्या वेळानं म्हणाला, “डॉक्टर आणखीही बोलले होते. मावशी तेव्हा औषधं आणायला गेली होती. पोटात असतानाच माझी उपासमार झाली होती. माझी ती आई आजारी होती ना. मग वाढ झाली ती फार घाईनं. पण त्यात दोष कुणाचाच नाही, म्हणाले. आणि मोठेपणी मी तरी जिभेला कुठं आवरलं? तुझ्या हातचं मिळालं नसतं, तर आजारी पडायलासुद्धा उरलो नसतो गं.”

आईला हुंदका आवरेना.

“एक विचारू? भूक नसायची, तरी भरवायचीस ना?”

“हो.”

“का गं?”

“भीती वाटायची रे... तू बारीक राहिलास तर लोक म्हणतील, सावत्र होती! त्यातले किती घास तुझ्या भुकेचे, आणि किती लोकांच्या तोंडाला घाबरून भरवलेले... देवच जाणे!”

त्याची नजर छताकडे वळली. तिला वाटलं, आता हा तोंड फिरवणार...

“म्हणजे तुझी भीती मी खात होतो, एवढी वर्षं!” त्यानं चाचपडत तिचा हात धरला. “आता नको भिऊस, आई.”

दारात मावशी उभ्या होत्या. पदर तोंडाशी, आवाज पार बसलेला. “बहिणीचं पोर म्हणून छाती बडवते मी... पण तेव्हा त्याला घेऊन जायला मी तरी कुठं आले होते गं? लांबून बोलत राहिले नुसती.”

सून आत आली. तिनं निजलेलं बाळ आईच्या कुशीत ठेवलं आणि पिशवी उचलून कपाटात टाकली. “उद्यापासून तुम्हीच भरवा, आई. तिनं तोंड फिरवलं की थांबायचं, एवढंच.”

संध्याकाळ झाली. लेकाचा डोळा लागला. जिने चढून थकलेल्या माणसासारखा त्याचा श्वास अडखळत होता, थांबतोय की काय वाटावं असा... पुन्हा चालू होत होता. त्याचे दिवस थोडे आहेत, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं; तिला मात्र कळलं होतं. तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, काहीही न भरवता, ती नुसती त्याच्याजवळ बसून राहिली.