उन्हात वाळवलेला विषाणू

कॅसेटच्या फितीत लपलेला विषाणू इतकी वर्षं जिवंत राहतो का? २०४५ सालच्या त्या दुपारी ऋजुताला याचं उत्तर शाळा सुटायच्या आत हवं होतं. कारण चौकस, म्हणजे शाळेच्या जुन्या यंत्रांच्या दालनाचा राखणदार यंत्रमानव, तिची कॅसेट पुसून टाकायला टपला होता. आजोबांनी शाळेत असताना स्वतः लिहिलेला ‘विहिरीतला राक्षस’ हा खेळ त्या कॅसेटवर होता, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

चौकसचं म्हणणं एवढंच, की अशा खेळांत विषाणू असतो असं त्या काळची कितीतरी मुलं सांगायची. उगाच धोका नको. ऋजुता एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती. आजोबा निवृत्त संगणकशास्त्रज्ञ. ते मात्र जुन्या संगणकाला टेपरेकॉर्डर जोडत निवांत बसले होते.

“आजोबा, सांगा ना त्याला काहीतरी. तो पुसेल हो.”

“तूच सांगशील. आधी खेळ लाव.”

खेळ फितीवर आवाजाच्या रूपातच साठवलेला होता. टेप किंचाळली, आणि पडद्यावर खेळाऐवजी वाकडीतिकडी अक्षरं सांडली. चौकसचा लाल दिवा लागला.

आजोबांनी तिला संगणकाची विजेची वायर काढून पुन्हा लावायला सांगितली. पडदा स्वच्छ. मघाच्या कचऱ्याचा मागमूस नाही.

“गेला कुठे मग तुझा विषाणू?” त्यांनी चौकसला विचारलं.

मग त्यांनी उलगडून सांगितलं. हा विषाणू म्हणजे जंतू नव्हे. स्वतःच्या प्रती काढणाऱ्या सूचनांचा संच. टिकायचं तर त्याला कुठेतरी लिहून ठेवायला जागा लागते. या संगणकात खेळ उतरतो तो रॅममध्ये (तात्पुरती स्मृती), आणि ती वीज गेली की कोरी. रॉमवर (फक्त वाचता येणारी कायमची स्मृती) काही लिहिताच येत नाही. राहिली कॅसेट, तर रेकॉर्डचं बटण माणसालाच दाबावं लागतं. पुढे फ्लॉपी (चुंबकीय तबकडी) आली, तिच्यावर संगणक आपणहून लिहू लागला, आणि मग विषाणू खरोखरच पसरले.

मग त्या मुलांचं काय, ऋजुताने विचारलं. आजोबांना हसू आवरेना. त्यांच्या गल्लीतल्या पोरांनी विषाणूचं ऐकलं आणि घरी गाद्या-गोधड्या उन्हात टाकतात तशा कॅसेटीही गच्चीवर वाळत घातल्या. उन्हाने फिती आक्रसल्या, खेळ लागेनात, आणि अफवा आणखीच पक्की झाली.

ऋजुता ताडकन पुढे झाली. ही कॅसेट तर कधी उन्हात गेलीच नव्हती. मग संगणकाला टेप नीट ऐकूच आली नसेल तर? तिने फीत मागे नेली, आवाज वाढवला. पुन्हा कचरा. वायर काढली, लावली, आवाज आणखी वाढवला. या वेळची किंचाळी खणखणीत होती. पडद्यावर हिरवी विहीर उमटली आणि तिच्यातून एक चौकोनी राक्षस डोकावला.

चौकसचा दिवा विझला. कॅसेट पुसायची नाही, असं त्याने जाहीर केलं. पण तो जागचा हलेना.

“माझी स्मृती कोणती?”

“तुला स्वतःला लिहिता येते ती,” ऋजुता म्हणाली. “वीज गेली तरी राहणारी.”

“म्हणजे मला विषाणू होऊ शकतो.”

“होऊ शकतो. म्हणून जपायचं. पण लिहिता येतं म्हणूनच तुला नवं काही शिकताही येतं ना. आत्ता शिकलासच की.”

चौकसने खुर्ची पुढे ओढली आणि राक्षसाला कुठल्या बटणाने पळवायचं, ते विचारलं.