मोहाखालची झाडलेली जागा

"तलाव डाव्या हाताले ठेवला ना, का आंधळाही या पहाडीवर चुकत नाही!"

हे आमचे ताराचंद भाऊजी म्हणाले होते. सकाळी नऊ वाजता, मिशीवरून हात फिरवत.

बाराच्या आत आम्ही चुकलो होतो.

यातलं एक अक्षरही मी बनवलेलं नाही. मी स्वतः तिथे होतो. डोक्यावर भाकरीचं गाठोडं होतं, म्हणून पळूनही जाता आलं नाही.

साल १९८१. होळीनंतरचा पाचवा दिवस. नाकाडोंगरीकडची आमची पहाडी, खाली तलाव, तलावाच्या काठानं वर चढत जाणारी पायवाट. रात्रबित्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

आम्ही तिघं. मी, माझी ललितामावशी आणि तिचे जावई, म्हणजे ताराचंद भाऊजी. तुमसरला त्यांचं सायकलचं दुकान.

मावशीचा नवरा, आमचे लक्ष्मणराव मावसाजी, पुसात, म्हणजे पौषात, तापानं गेले. तेव्हापासून मावशी रडलीच नव्हती. शेण काढायची, जेवायची, झोपायची. काही विचारलं तर "हो" म्हणायची. बस.

पण पहाडीवर मावसाजींचं मोहाचं झाड होतं. आमच्याकडे रीत आहे. होळी झाली की मोहाखालचा पाला झाडून काढायचा, म्हणजे पुढे फुलं वेचता येतात. जो पहिले झाडेल, त्या वर्षी झाड त्याचं. आणि गावातला परसराम त्या झाडावर टपून बसला होता.

"त्याईचं झाड जाऊ द्याचं नाही," मावशी म्हणाली. दोन-अडीच महिन्यांतलं तिचं सगळ्यात लांब बोलणं.

खराटा भाऊजींनी हट्टानं आपल्याकडे घेतला. रुखमिणीताईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्याला लाल चिंधी बांधून दिली होती. नवरा तिला चांगला माहीत होता.

तलावाकाठच्या काळ्या खडकावर भाऊजी बिडी प्यायला बसले. बिडी संपली. उठलो, निघालो.

तासाभरानं... समोर तोच खडक.

खडकावर बिडीचं थोटूक.

"दुसऱ्या कोणाची असन," भाऊजी म्हणाले.

वाट चुकली हे मला कळलं होतं. मावशीलाही. पण जावयाला 'तुम्ही चुकले' म्हणायची आमच्याकडे सोय नाही. जावई खड्ड्यात निघाला तरी मागून मानानं जावं लागतं.

गेलो.

पुन्हा... तोच खडक.

"जवाईबापू, खराटा कुठी हाये?" मावशीनं विचारलं.

भाऊजींनी आधी उजवा हात पाहिला. मग डावा.

"इथंच त टेकवला होता!"

खडकाजवळ खराटा नव्हता.

आणि तेव्हा मला दिसलं... तलाव आमच्या उजव्या हाताला होता.

आम्ही कुठेही वळलो नव्हतो.

"भाऊजी, चकवा लागला," मी म्हणालो.

"दिवसाढवळ्या? येडा हायेस का बे?"

असं म्हणून त्यांनी गुपचूप चपला बदलल्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. चकव्यावर हाच उतारा. दहा पावलांत दोनदा पडले.

मग पाखरांचा आवाज बंद झाला. सगळ्याच पाखरांचा.

आणि वरून...

खर्र... खर्र... खर्र...

कोणीतरी झाडून राहिलं होतं.

"परसराम!" भाऊजी ओरडले. "थांब बे! झाड आमचं हाये!"

आवाज थांबला.

मग... पुन्हा सुरू.

खर्र...

मावशी त्या आवाजाकडे चढू लागली. जावयाच्या पुढे. जन्मात पहिल्यांदा.

झाडाखाली कोणी नव्हतं.

जागा झाडून लख्ख. पाला एका कडेला लोटलेला. मातीत पायाचा एकही ठसा नाही. बुंध्याला खराटा टेकवलेला...

लाल चिंधीचा.

मातीतले ओरखडे मी वाकून पाहिले. सगळे उलट्या बाजूनं वळलेले. उजव्या हातानं झाडलं तर असे उमटत नाहीत.

मावसाजी डावखुरे होते.

भाऊजी चपला हातात घेऊन उभे. मावशी बुंध्यामागे गेली. तिथला पाला मात्र तसाच होता.

"पाहा," ती म्हणाली. "इतक्या वर्साची सांगून राहिली, मांगचं राहते म्हणून. गेल्यावर बी तेच."

तिनं खराटा घेतला आणि तेवढंच झाडलं. रडली नाही.

"बसा जवाईबापू. भाकर खाऊन घ्या."

तिनं चार वाटे केले. आम्ही तिघांनी तीन खाल्ले. निघताना चौथा... नव्हता. मी खाल्ला नाही. भाऊजीही नाही म्हणतात. पण त्यांचं काही सांगता येत नाही.

उतरताना तलाव जिथे असायला पाहिजे तिथेच होता.

पुढे दर होळीनंतर मावशी एकटीच जायची. म्हणायची, मला फक्त मागचंच झाडावं लागते. परसरामनं त्या झाडाचा नाद सोडला. आजही कोणी अंगण झाडत असलं की मी आधी हात कोणता ते पाहतो.

१९८७ च्या थंडीत मावशी गेली. त्या होळीनंतर झाडाखाली अख्खा पाला तसाच पडून होता. पुढचाही. मागचाही.

"झाड आता जवायाचं," भाऊजी म्हणाले, आणि खराटा घेऊन निघाले.

वारा नव्हता. फांदी पडली. त्यांचा उजवा हात कोपरात मोडला, वाकडाच बसला.

झाड भाऊजींकडेच आहे. आता ते डाव्या हातानं झाडतात.

बुंध्यामागचं राहून जातं.